मकराची जागा

दादाचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात बर्फात होते. विशाखापट्टणमच्या बंदरावर मासळी निवडायच्या शेडमध्ये मी काम करतो. मुकादमाला फोन आवडत नाही, म्हणून खांद्यानं कानाशी दाबून धरला. दादा एवढंच म्हणाला, "मंगल गेली रे…" वहिनीची कावीळ एवढी वाढलीय, हे मला लांब असल्यामुळं कुणी कळवलंच नव्हतं. गाडीनं पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. पुढ्यातल्या टोपलीत बांगडे, कोळंबी, लिबलिबीत माकूळ एकत्र पडले होते आणि हात आपले निवडतच राहिले. कणा आहे ते इकडे, नाही ते तिकडे. हातांना हे तिनंच शिकवलं होतं.

मंगलवहिनी पूर्णेची, रेल्वेतल्या माणसाची लेक, प्राणिशास्त्राची बीएस्सी. राणीसावरगावाजवळच्या आमच्या शेरडामेंढरांच्या घरात ती सून होऊन आली तेव्हा मी नववीतून शाळा सोडून बसलो होतो. पुस्तक पाहिलं की मला घाम फुटायचा. तिनं पुस्तक कधी पुढं केलंच नाही. पहिल्याच वर्षी महालक्ष्म्यांपुढची आरास तिच्याकडं आली. लक्ष्म्यांपुढं आम्ही घरातली सगळी खेळणी मांडतो. आमची लोखंडी पेटी आज्ज्यापासूनची. मातीचे बैल, लाकडी हत्ती, कासव, शेषनाग, पंखांची कामधेनू, गरुड, मकर… आई देवाचं एकीकडं आणि जनावरं एकीकडं मांडायची. वहिनीनं सगळी पेटी मधोमध ओतली आणि मला म्हणाली, "भावजी, आधी कणा बघायचा. मग अंडं का दूध, ते. रूपाला भुलायचं न्हाई."

शेषनाग जाऊन बसला कासवाच्या आणि एका रबरी पालीच्या रांगेत. आईनं कपाळाला हात लावला. "अगं पूर्णेवाले, देवाची जात काढायलीस का?"

"जात न्हाई आत्याबाई, गणगोत बघायलेय."

कामधेनूपाशी मात्र वहिनी स्वतःच अडली. चार पाय आणि वर दोन पंख. कण्याच्या जनावराला चाराच्या वर हातपाय नसतात, म्हणाली, सहा असले की ते नाकतोड्याच्या घरातलं. आई उसळलीच. "गाय नि नाकतोड्यात? कास दिसंना व्हय तुला? दूध पाजती ती गायीतच!" वहिनी पोट धरून हसली. "आत्याबाई, पुस्तकात पण हेच लिव्हलंय की!" तिथून दोघींचं जुळलं. पोथ्या ऐकून ऐकून आईला सगळ्यांच्या जन्मकथा पाठ. गरुडाला हात आहेत म्हणून मी त्याला माणसात ठेवला, तर आईनं उचलून पाखरात नेला. "विनतेच्या अंड्यातून निघालाय त्यो. विचार तुझ्या वहिनीला."

हळदीकुंकवाला बाया यायच्या आणि आरास बघतच राहायच्या. शेजारची सखूकाकू दरवर्षी खोड काढायची, "का गं मंगल, मकर कुठं बसवला यंदा?" कारण मकर पाण्याच्या परातीच्या काठावर एकटाच असायचा. तोंड मगरीचं, सोंड हत्तीची, शेपूट माशाचं. तो अंड्यातला का दुधातला, हे आईच्या कुठल्याच पोथीत सापडेना. भरल्या घरात, एवढी शिकलेली सून, सगळ्यांसमोर सरळ सांगायची, "ठरलं न्हाई अजून, काकू. पुढच्या वर्षी बघू." मी तर उत्तर येत नाही या भीतीनंच शाळा सोडली होती… आणि माझी वहिनी तेच मान वर करून बोलायची. मला तिचा किती अभिमान होता, हे मी कधी बोललो नाही. ओळखलं असेल तिनं.

इथं पहिल्या दिवशी समुद्राची टोपली पुढं ओतली गेली. नावं सगळी तेलुगूत. मी कणा बघत गेलो, जे कळेना ते बाजूला ठेवून विचारलं. मुकादम म्हणाला, न विचारता मिसळणाऱ्यापेक्षा हा बरा. अजून मला रोज वाटतं, उद्या काढून टाकतील. पण टिकलोय. ते तिच्यामुळं.

यंदा सुतक फिटलं होतं तरी आई म्हणाली, "लक्ष्म्या उभ्या करू. आरास न्हाई. मला कुठं येतंय तिचं ते?" मला चैन पडेना. एक वर्ष पेटी उघडली नाही की पुढं त्या रांगा कुणाच्या ध्यानात राहणार? घरातली पोरं सगळं एका ढिगात टाकतील आणि वहिनी घरातून दुसऱ्यांदा जाईल… जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल लावला. "आई, पेटी उघड. एकेक वर धर, मी सांगतो."

"लय शहाणा झालास," आई म्हणाली. पण दादानं पेटी ओढून आणली. हत्ती वर आला. दुधातला. कासव, शेषनागाशेजारी. कामधेनू आईनं न विचारताच ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. गरुडाला मी थोडा थांबलो तर ओरडली, "अंडं! इसरलास का?"

शेवटी मकर राहिला. आईनं तो हातात धरला आणि फिरवून फिरवून बघितला. मागून सखूकाकूचा आवाज आला, हळू, खोड काढल्यासारखा नाही. "मकर कुठं बसवायचा गं आता?"

आईनं पदरानं मकर पुसला आणि परातीच्या काठावर एकटाच ठेवला.

"ठरलं न्हाई अजून," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."