चार बॅटऱ्या आणि जिताड्याची पिल्लं

यूपीएसच्या चार बॅटऱ्या मी माझ्या हातानं बदलल्या, आणि हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते. होऊ दे की! मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना आमचं घर लागतं. मागच्या अंगणात सिमेंटच्या दोन टाक्या आहेत. त्यात मी जिताडा माशाची बोटभर पिल्लं सांभाळते आणि जरा मोठी झाली की तळ्यात सोडते. टाकीत दाटी फार, म्हणून पाण्यात हवा सोडणारा पंप सतत चालू लागतो. तो थांबला की पिल्लं वर येऊन आ वासतात, आणि थोड्या वेळानं उलटी होतात. आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पंप यूपीएसवर.

नवरा जेटीवर फेरीबोटीच्या कामाला, त्यामुळे टाक्या माझ्याच गळ्यात. पहिल्या वर्षी सासूबाईंना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "खाडीत मासं कमी हायत, म्हणून टाकीत पालतेस?" पण जिताडा म्हटलं की त्यांचंही मन पाघळायचं. आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाचा मान, त्याचं डोकं जावयाच्याच ताटात पडायचं. पिल्लं बोटभर होती तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, पहिलं डोकं त्यांच्या जावयाला. वाढवायचं मी आणि मान त्याला! माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

एका दुपारी लाइट गेली आणि यूपीएसनं बघता बघता मान टाकली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी आणि सासूबाई तांब्यानं टाकीतलं पाणी उंचावरून परत टाकीत ओतत बसलो, तरी ओंजळभर पिल्लं गेलीच. मला रडू आलं. मग रागही आला. झाकण उघडलं तर एक बॅटरी फुगलेली, वायरींच्या टोकांना खाऱ्या हवेनं हिरवट भुकटी, आणि वरून खोबरेल चोपडलेलं.

"गंज धरू नये म्हणून मीच लावलं," सासूबाई म्हणाल्या. "एकच फुगलीय ना? मंग एकच बदल."

"आई, चारही एका दावणीला आहेत. एक थकलेली राहिली तर नव्यांनाही थकवेल."

चारही आणल्या. पिन भिंतीतून काढली, बटण बंद केलं, जुन्या वायरींचा मोबाइलवर फोटो घेतला आणि हातातल्या पाटल्या उतरवल्या. त्याबरोबर सासूबाई कडाडल्या, "सवाष्णीनं हात मोकले करायचे न्हाय!" सोनं चुकून दोन टोकांना टेकलं तर हातच भाजेल, असं सांगून मी काचेच्या बांगड्या वाजवून दाखवल्या. तेव्हा कुठे त्यांनी पाटल्या आपल्या पदराला बांधल्या.

सगळं जोडलं, रात्रभर चार्ज केलं. सकाळी यूपीएसच्या पडद्यावर लाइटीवाचून किती वेळ चालेल त्याचा आकडा आला, अकरा मिनिटं. "एवढा आटापिटा करून अकरा मिंटं!" सासूबाईंनी शेजारणींनाही सांगून टाकलं. त्यांना काय सांगणार, यंत्राच्या डोक्यात अजून जुन्याच बॅटऱ्या होत्या. भरलेल्या बॅटऱ्या एकदा पार रित्या होईपर्यंत चालवल्या की मगच ते नवा हिशेब शिकतं.

मंगळवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून मी बुधवार धरला. पंप सरळ भिंतीवरच्या प्लगला लावला. यूपीएसवर गणपतीच्या आराशीतले पिवळे बल्ब लावले, पंपाइतकाच भार होईल असे. मग यूपीएसची पिन काढली. तेवढा वेळ पिल्लांना राखणदार नव्हता. अकरा मिनिटं संपली, पडद्यावर शून्य आलं, यंत्र कोकलायला लागलं, पण बल्ब काही विझेनात. मी खूश! आणि तेवढ्यात बुधवार असूनही लाइट गेली.

पंप थांबला. बल्ब उपटून मी पंप यूपीएसला लावला. तो सुरू झाला, पण किती वेळ चालेल कोण सांगणार? पडदा तर शून्यच दाखवत होता. सासूबाई शेजारणींना हाका मारून आल्या आणि पाचसहा जणी तांब्या घेऊन टाकीभोवती उभ्या राहिल्या. एकीनं म्हटलंसुद्धा, "हे काय, माशांना आंघोळ घालायला बोलावलंस काय?" कुणाच्याही तांब्याला पाणी लागलं नाही. लाइट आली तरी पंप चालूच होता.

आता पंप परत भिंतीवर. मी यूपीएसची पिनही लावायला हात पुढे केला, कारण पुन्हा लाइट गेली तर हाताशी काही नको का? सासूबाईंनी माझा हात धरला.

"पुरतं शिकलं काय ते?"

"नाही. रितं व्हायचं राहिलंय."

"मंग अर्धा भात उतरवतेस कशाला? आम्ही हाव ना तांब्या घेऊन."

पुन्हा बल्ब लावले. दिवेलागणीला ते विझले, तोवर एकही बाई हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी भरलेल्या यूपीएसवर चांगले चार तास दिसले. सासूबाई येईल त्याला हाताला धरून तो आकडा दाखवत होत्या.

पिल्लं जगली, तळ्यात गेली. पुढच्या वर्षी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले, तेव्हा तळ्यातून पहिला मोठा जिताडा निघाला. सासूबाईंनी स्वतः कापला, स्वतः कालवण केलं. पानं मांडली. मी वाढायला उभी होते.

"तू बस आधी," त्या म्हणाल्या.

बसले. त्यांनी पळीनं डोकं उचललं, जावयाच्या ताटावरून पुढे नेलं आणि माझ्या भातावर ठेवलं. नणंद बघतच राहिली.

"जावईबापू, राग मानू नका," सासूबाई म्हणाल्या. "हा जिताडा हिनं जगवलाय."

मी डोकं खाल्लं. सगळं, डोळ्यांसकट.