नजमाआपांच्या नावाचे संदेश

नजमाआपा गेल्या, हे मला त्यांच्याच खुर्चीत बसून कळलं. त्या आजारी रजेवर होत्या म्हणून वळ गावच्या गोदामातलं त्यांचं टेबल मी सांभाळत होते. त्यांच्या भावाचा फोन ठेवला, तेव्हा पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. कितीतरी वेळ मी तिच्याकडेच बघत राहिले... वाटत होतं, आपा आत्ता चहा घेऊन दारातून येतील.

आमचं सगळं काम एका मोठ्या सॉफ्टवेअरवर चालतं. माल आला, गेला, परत आला, की एका विभागाकडून दुसऱ्याकडे आपोआप संदेश जातो आणि तो घ्यायला पलीकडे एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. त्याला हँडलर म्हणतात. तो नसला की पडद्यावर लाल ओळ उमटते. मी खारबाव गावाहून येऊन नवीनच कामाला लागलेली; ती ओळ दिसली की माझी पाचावर धारण बसायची. आपा मात्र निवांत असत. "घाबरतेस काय, सुजाता? टपाल आलंय, दार उघडायला घरात माणूस नाही, एवढंच."

एकदा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि परत आलेल्या मालाचे संदेश अडकले. नोंद होईना, म्हणून गेटवर एक ड्रायव्हर ताटकळत बसला होता. त्याला मुलीच्या साखरपुड्याला पोहोचायचं होतं. मुख्य ऑफिसने फर्मावलं, अडकलेले संदेश पुसून टाका. आपा कसल्या ऐकतात!

"पुसायचं नाही. किसी ने भेजा है ना? मग घेणारा शोधायचा."

त्या उठून थेट माल उतरवतात तिथे गेल्या. तिथला हमाल म्हणाला, "माल हाय इथंच आपा, तुमच्या कंप्युटरात न्हाय." म्हणजे पाठवणाऱ्याची चूक नव्हती. मग त्यांनी जुने आणि नवे हँडलर शेजारी शेजारी लावून पाहिले. परतीच्या मालाचा हँडलर नव्या आवृत्तीत आणायचाच राहून गेला होता. तो बसवून त्यांनी अडकलेले संदेश पुन्हा सोडले. एकेक आत येई, तशा आपा हळूच म्हणत, "हां... आला." दमून आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावं, तसा तो आवाज होता. ड्रायव्हर दिवस मावळायच्या आत निघाला.

आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. गल्लीतले कापड विणायचे लूम चालू होते. त्या आवाजातच झोप लागते, म्हणाल्या. लूम थांबले की जाग येते. मग डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "खराब मालाच्या मंजुरीचे संदेश माझ्या नावावर येतात. आता कोण घेतं?"

सध्या तुमच्या खात्यातून मी घेते, तुम्ही आलात की तुम्हीच घ्या, असं मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या...

त्या गेल्यावर नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद झालं आणि एका सकाळी लाल ओळ आली. मंजुरीच्या हँडलरमध्ये अजून आपांचंच नाव होतं. मुख्य ऑफिसचा सल्लाही जुनाच, पुसून टाका. काय करायचं ते मला ठाऊक होतं. त्यांचं नाव काढून माझं घालायचं. पण हात उचलवेना. ते नाव माझ्या हाताने काढलं, की आपा खरोखरच गेल्या असं होणार होतं. मी तिथेच बसून रडले. बाहेर एक ट्रकवाला मंजुरीसाठी खोळंबला होता, आणि आपांना खोळंबलेला माणूस बघवत नसे.

मी नाव बदललं. अडकलेले संदेश सोडले. पहिला माझ्यापुढे उघडला, तेव्हा तो आधीच निघालेला असल्याने त्याच्या माथ्यावर अजून त्यांचंच नाव होतं.

"हां..." मी म्हटलं, "आला."