भोंग्याने गिळलेल्या धावा

धापा टाकत होम बेसवर पोचलेल्या पोरीला "तुझी धाव धरणार नाही" असं तोंडावर सांगायची पाळी तुमच्यावर कधी आलीय?

लोरीन ह्रुस्कावर आली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गावोगावच्या सॉफ्टबॉल स्पर्धांत ती पंच. आवाज खणखणीत, डोकं त्याहून तापट. मागणं एकच: पोरींना पूर्ण सात डाव खेळू द्या. पण आयोजकांना दोन दिवसांत संघावर संघ कोंबायचे असतात, म्हणून घड्याळ. भोंगा वाजला की खेळ बंद. अर्धवट डावातल्या धावा बाद, निकाल मागच्या पुऱ्या डावावरून.

वेंडल पोस्पिशिल तिचा वर्षानुवर्षांचा जोडीदार. ती होम बेसमागे, तो बाकीच्या बेसवर. आदल्या संध्याकाळी दोघांनी शब्द दिला-घेतला होता: घड्याळ लावलं तर आपण मैदानात उतरायचं नाही.

"तू बोल," वेंडल म्हणाला होता, "मी शेजारी उभा आहे."

सकाळी पंचांच्या बैठकीत ती बोलली. आयोजक हसून म्हणाला, "आज सकाळीच नेमलेल्या मुख्य पंचालाच विचारू. काय वेंडल?"

वेंडल बुटांकडे बघत म्हणाला, "घड्याळ राहू दे."

"अरे, काल तर..."

"काल मी मुख्य पंच नव्हतो, लोरीन."

ती तिथूनच गाडी काढून गेली असती. पण पोरी हातमोजे चढवून उभ्या होत्या आणि बदली पंच नव्हता. ती उतरली.

सामन्याच्या शेवटी शेवटी, एका धावेने मागे असलेल्या पाहुण्या संघाच्या ब्रिनने चेंडू कुंपणापार धाडला. आधीच बेसवर असलेली पोर होमला आली, पाठोपाठ ब्रिन. आघाडी! हा डाव पुरा होऊ नये म्हणून लगेच यजमान संघाने वेळ खायला सुरुवात केली. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या बुटाच्या नाड्या सुटल्या. प्रशिक्षक तिच्या कानाशी लागला.

"सोयरीक जमवताय का तिची? चला!" लोरीन ओरडली. मग मुख्य पंच म्हणून बाकावर घड्याळ घेऊन बसलेल्या जोडीदाराकडे वळून, "वेंडल, उघड उघड वेळ खातायत. घड्याळ थांबव!"

थांबवणं त्याच्याच हातात होतं. भोंगाही त्याच्याच हातात होता. त्याने भोंगा वाजवला.

"पण मी होमला पोचले होते ना?" ब्रिनने विचारलं.

"पोचली होतीस, बाळा. धरता येत नाही."

लोरीनने मास्क काढून वेंडलच्या पोटाशी दाबला. "घे. पुढच्या पोरीला तू सांग." आणि ती चालती झाली.

आपल्या लेकीचं नाव स्पर्धेत घालण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा: सामना डावांवर संपणार की भोंग्यावर? आणि उत्तर भोंगा असेल, तर नाव घालू नका.