गुणाजी सरांची जागा

खोताच्या वाडीतली केझिया तिशीला टेकली असताना पुन्हा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा तिच्या आईने, व्हायोलाने, कपाळाला हात लावला. बँकेतली कंत्राटी का होईना, नोकरी होती. ती सोडून ही बाई बी.पी.एड. करायला निघाली होती. पण केझियाला लहानपणापासून मैदानाचं वेड. हॉकीत गुडघा गेला तरी ते वेड काही गेलं नाही. गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना पळवायचं, पीटीच्या बाई व्हायचं, एवढंच तिला हवं होतं. माणसाने फार मोठं काही मागितलं की लोक हसतात म्हणे. हिने एवढंसं मागितलं, तरी वाडीतले हसलेच.

त्या शिक्षणात काही महिने खऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात. असे पाठ घेणाऱ्याला छात्राध्यापक म्हणायचं, म्हणजे धड विद्यार्थी नाही आणि धड मास्तरही नाही. केझियाच्या वाट्याला ठाकूरद्वारजवळची एक जुनी मराठी शाळा आली. मैदान म्हणजे फरशीचा चौक, त्यातही अर्ध्या भागात शिक्षकांच्या स्कूटर. पीटीचे गुणाजी सर लालबागचे, निवृत्तीला आलेले, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली शिट्टी तिच्या हातात ठेवली आणि ते शिक्षकखोलीत जाऊन बसले. शाळेची रीतच तशी होती. छात्राध्यापक आले की पीटीचे सगळे तास त्यांचे, आणि सरांनी ऑफिसची कामं उपसायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

जाता जाता सर मात्र तिच्या कानात एक गोष्ट घालून गेले. "पोरी, मे महिन्यात मी जातंय. माझी जागा रिकामी होतली. मॅडमच्या डोळ्यांत भर, बास."

झालं. केझियाने कंबर कसली. कॉलेजने ठरवून दिलेले पाठ कधीच संपले, तरी ती येत राहिली. पीटीच्या तासावर गणिताच्या बाईंचा वर्षानुवर्षांचा डोळा. त्यांच्याशी गोड बोलून तिने तो तास सोडवून घेतला. शनिवारची कवायत घेतली, क्रीडामहोत्सव एकहाती पार पाडला. तासाला पोटदुखीचं कारण सांगून जिन्यावर बसणाऱ्या आठवीच्या मुली होत्या, लक्ष्मी त्यांची म्होरकी. केझियाने एके दिवशी वर्गाचं दार लावून त्यांना पाळीबद्दल सगळं सरळ भाषेत सांगितलं. घरी, दारी, पुस्तकात, कुणीही ते त्यांना नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच मुली ओढण्या कमरेला बांधून खो-खोत धावत होत्या, आणि लक्ष्मी तर कुणाच्या हाती लागेना.

प्रत्येक तासाला शिट्टी फुंकण्याआधी केझिया हळूच ऑफिसच्या खिडकीकडे बघायची. मुख्याध्यापिका वैदेही मॅडम तिथे दिसल्या की तिचा आवाज आपोआप खणखणीत व्हायचा. आई रोज विचारायची, "पगार कोन देतं गं तुला?" केझिया म्हणायची, मिळेल.

अंतिम पाठाला परीक्षक आले. त्या दिवशी शाळेचे विश्वस्त अप्पाही मुद्दाम हजर होते. पाठ असा रंगला की परीक्षकांनी वहीत बघायचं सोडून मुलींकडेच बघितलं. मग मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला होता, बसायला खुर्ची दिली होती. आता सांगणार, असं तिला वाटलं.

अप्पांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आपण उगाच काळजी करत होतो. मुलांचा पट हा असा घसरलेला, गुणाजींच्या जागेला मंजुरी आणायची म्हणजे मारामार. पण दर वर्षी अशी मुलं येतातच की. हिने दाखवून दिलं, शाळेचं काही अडत नाही."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते हसून तिच्याकडे बघत होते, जणू बक्षीस दिलंय. आणि केझिया चक्क "थँक यू सर" म्हणाली. बाहेर आल्यावर नळावर तोंड धुताना तिला कळलं की ही जागा दुसऱ्या कुणी नाही, आपणच आपल्या हातांनी बुजवली. थोडं वाईट शिकवलं असतं, चार तास बुडवले असते, तर निदान कुणाला तरी वाटलं असतं की इथे माणूस हवा. गुणाजी सरांनी तिच्याकडून आपली शिट्टी परत घेतली, पण वर काही बघितलं नाही.

मग तिने शहरभर अर्ज केले. कुठेच काही झालं नाही. आता ती दादरच्या एका जिममध्ये काउंटरवर बसते, आत येणाऱ्यांची कार्डं तपासते.

पुढच्या वर्षी कामाचा दाखला न्यायला ती शाळेत गेली. चौकात परळचा धम्मपाल नावाचा नवा छात्राध्यापक होता, गळ्यात गुणाजी सरांनी मागे ठेवलेली तीच शिट्टी. मुली केझियाभोवती गोळा झाल्या, तेव्हा ही कोण ते त्याला समजलं. मुली पाणी प्यायला पळाल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "जागा रिकामी आहे ना इथली? मॅडम म्हणाल्या, काम दाखव, बघू."

"ती भरणारच नाहीत रे," केझिया म्हणाली. "तू जेवढं जास्त करशील तेवढी त्यांना गरज कमी. कॉलेजचे पाठ घे आणि नीघ."

त्याने अगदी अदबीने विचारलं, "ताई, या जागेला तुम्ही पण अर्ज केलाय ना?"

तिने नाही म्हटलं, परोपरीने समजावलं. जितकं समजावलं तितका त्याचा चेहरा अधिक सभ्य आणि अधिक बंद होत गेला. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही हेच समजलो असतो, हे तिला कळत होतं, आणि म्हणून जास्तच लागत होतं.

घंटा झाली. गणिताच्या बाई आठवीचा तास मागायला आल्या. धम्मपालने हसत, हात जोडत तो तास आपल्याकडे ठेवला. मुली रांगेत उभ्या राहिल्या. त्याने शिट्टी ओठांशी नेली, आणि फुंकण्याआधी मान किंचित वळवून ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं.