देमेत्रिओचं नाक

माझ्या नवऱ्याच्या नाकावर कधी माशी बसली नाही. इतका त्याला त्या नाकाचा तोरा. आमच्या हारो गावात, मालकांच्या तळघरात, त्याचं कामच नाकाचं होतं. ओकच्या एका पिंपातून वाइन दुसऱ्यात काढली की रिकामं पिंप धुवायचं, आणि पुन्हा भरण्याआधी देमेत्रिओनं बुचाच्या भोकाला नाक लावायचं. आंबूस वास आला की खडूनं फुली. फुलीचं पिंप कायमचं बाद, कारण त्यात ओतलेल्या वाइनचं व्हिनेगर होतं.

कामाला मीही तिथंच, पण अंगणात. वाइन निवळायला अंड्यांचा पांढरा बलक लागतो, तो आम्ही बायका बाहेर बसून काढायचो. आत जायची सोय नव्हती. बाई आत आली की वाइन नासते म्हणे! मग आतलं सगळं मी जेवताना देमेत्रिओच्या तोंडून ऐकायची. कुठला वास चांगला, कुठला वाईट, हेच आमच्या संसारातलं बोलणं.

त्या हिवाळ्यात त्याला ताप आला. उतरला, तसा तो कामावर गेला. एका रविवारी मी चुलीवर बटाट्याचं कालवण ठेवलं आणि शेजारणीशी भांडायला गेले. भांडण जरा रंगलं. परत येते तर कालवण तळाला लागून करपलेलं, आणि हा चुलीपाशीच बसून निवांत बूट पुसतोय.

“वास नाही आला तुला?”

“कसला?”

 खोदून विचारलं तेव्हा बोलला. तापापासून काहीच वास येत नव्हता. कुणाला सांगितलं नव्हतं. या कामावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि उद्यापासून पिंपं तपासायची होती.

“कासिल्दा, तू येशील?” माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं.

“मी? आत? आणि वाइन नासली तर?”

“बाईनं नासते की नाही, देव जाणे. माझ्यानं नासेल हे नक्की.”

दुसऱ्या दिवशी गडीमाणसं अंगणात शेकोटीपाशी जेवायला बसली, तशी मी टोपली घेऊन खाली उतरले. कुणी विचारलंच तर देमेत्रिओचं जेवण आणलंय म्हणायचं, असं ठरलं होतं. लोकांच्या कामात नाक खुपसते म्हणून गावात माझं नाव होतंच; आता खरोखरच खुपसत होते.

“याचा वास कसला?” पहिल्या पिंपापाशी देमेत्रिओनं विचारलं.

“जुन्या लाकडाचा. जरा गंधकाच्या धुरीचा.”

“चांगलं. पुढचं.”

पुढच्या पिंपावर त्यानं आधी हात फिरवला. ते त्याच्या बापानं बनवलेलं होतं. “हे बाबांचं,” तो म्हणाला, “हे ठीकच असणार.”

मी वास घेतला. पुन्हा घेतला. खोटं बोलले असते तर त्याला जन्मात कळलं नसतं. म्हणूनच जीभ रेटेना.

“नाही रे. आंबलंय.”

त्यानं पिंपावर पुन्हा एकदा हात फिरवला. मग त्यानं फुली मारली.

“बापाच्या पिंपावर फुली?” जिन्यावरून आवाज आला. आमचे मालक, फाबियान. ते उतरले, वाकले, हुंगून बघितलं. “मला तर काही जाणवत नाही. पुन्हा बघ, देमेत्रिओ.” मग त्यांची नजर माझ्यावर गेली. “आणि ही इथं काय करतेय?”

जेवण आणलंय म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण मग मालकांच्या शब्दापुढं ती फुली पुसावी लागली असती. देमेत्रिओनं टोपी काढली.

“मालक, मला वास येत नाही. तापापासून. नाक हिचं आहे. आणि फुली बरोबर आहे.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मालक पुन्हा वाकले. या वेळी बराच वेळ.

“आहे खरं,” ते उठत म्हणाले. “अगदी तळाशी. पण बाईला आत घेतलं म्हणून गाव हसेल मला, कासिल्दा.”

“हे पिंप भरलं असतंत तर जास्त हसलं असतं,” मी बोलून गेले. माझी ही जीभ!

मालक हसले नाहीत. “खडू तिच्याकडे दे. तू पिंपं धू,” एवढं म्हणून वर निघून गेले.

देमेत्रिओनं खडू माझ्या हातावर ठेवला, पण हात काही सोडला नाही.

“रडतेस काय?”

“व्हिनेगर झोंबतंय डोळ्यांना.”

“हो, फारच आहे वास,” तो म्हणाला आणि बाहीनं स्वतःचे डोळे पुसायला लागला.