खंडेनवमीचं अपडेट

दादांची पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. दुसरीने ओठ दातावर आपटून फाटला. "कोणं बंद केलं? सांग बे, कोणं बंद केलं?" असं ते विचारत होते, आणि उत्तर द्यायला सवड मात्र देत नव्हते. बाजारातून आणलेली झेंडूची फुलं माझ्या हातून सांडली होती आणि आमच्या दोघांच्या पायांखाली त्यांचा चिखल होत होता.

बुलढाण्याच्या त्या घरात चार संगणक होते आणि चारही सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी शिकलो आठवीपर्यंत, तीही अर्धी. मूळचा मालवणकडचा. इंटरनेटची केबल पुरणाऱ्या टोळीबरोबर चर खणत इतक्या लांब आलो, इथे कावीळ झाली, आणि टोळी मला ठेवून पुढे गेली. ज्यांच्या फाटकाशी मी पडलो होतो ते काका कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी मला मागच्या खोलीत ठेवलं, दीड महिना उसाचा रस आणि ज्वारीच्या कण्या स्वतःच्या हाताने दिल्या. बरा झाल्यावर संगणकासमोर बसवून इंग्रजी अक्षरं वाचायला शिकवलं. त्यांचं मी कशानं फेडणार?

दादा त्यांचे एकुलते एक. घरीच बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे, दोन संगणक त्यांचे. एक काकांचा. चौथा वहिनींचा, पण वहिनी मुलीला घेऊन श्रावणातच नांदुऱ्याला माहेरी गेल्या होत्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दादांच्या हातामुळे. त्याच हाताने त्यांनी एकदा काकांनाही ओट्यावरून खाली ढकललं होतं. मी त्या घरात कुठलंही काम करताना एक कान दादांच्या चपलांच्या आवाजाकडे ठेवायचो.

जुनी सिस्टीम आता चालणार नव्हती, चारही मशीनवर नवी चढवायची होती. एवढं मोठं अपडेट चार वेळा उतरवण्यापेक्षा मी ते एकदाच पेनड्राइव्हवर घेतलं, आणि वहीत प्रत्येक मशीनचं पान केलं: किती टक्क्यांवर अडलं, किती वेळा बंद होऊन सुरू झालं. आधी प्रत्येकातल्या फाइल बाजूला काढायचो, मगच हात घालायचो. तीन मशीन आठवडाभरात झाली. वहिनींच्या मशीनमध्ये मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते. त्यांच्या माघारी त्यांच्या वस्तू उघडायला माझं मन धजेना, म्हणून ते फोटो मी बाजूला काढलेच नाहीत. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

"दसऱ्याले मी तिले आणाले जाऊन राह्यलो," दादा म्हणाले होते. "आली का तिचं मशीन तयार पाह्यजे." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मला त्यांची दया आली होती.

खंडेनवमीला सकाळी मी ते मशीन लावलं. चाळीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर पडद्यावर चिठ्ठी चिकटवली, "काम चालू आहे, बंद करू नये," आणि फुलं आणायला गेलो. परत आलो तर काकांनी पाटावर कोयता, पकड, पेचकस मांडले होते, चारही संगणकांना कुंकू लावलं होतं, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं होतं.

"काका, हे चालू होतं!"

"वाचली ना म्या चिठ्ठी. पण आज खंडेनवमी हाये. वर्षातून एक दिवस तं अवजाराले आराम दे. उद्या कर."

मी बटण दाबलं. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, पुन्हा काळा पडदा. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा दादा मागे उभे होते.

मी गप्प राहिलो असं लिहायला मला आवडलं असतं. काकांचं नाव घेतलं की काय होणार हे मला स्वच्छ माहीत होतं. चार-पाच फटके मी सोसले. मग दादांनी केस धरून डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, आणि माझ्या तोंडून माझी गावची बोली बाहेर पडली: "काकांनी केल्यानी! काकांनी!"

दादा वळले. काका करंडा हातात धरून उभे होते, जागचे हलले नाहीत.

"हाव, म्या केलं."

दादांनी त्यांना गळपट्टीला धरून टेबलावर रेटलं. कीबोर्ड खाली पडला, कुंकू उधळलं. पहिला ठोसा बरगडीत बसला तेव्हा काकांच्या तोंडातून आवाजसुद्धा आला नाही, नुसता श्वास आला. दुसऱ्यासाठी मूठ वर गेली. मी पाटावरची पकड उचलली आणि त्या मनगटावर होती नव्हती तेवढ्या ताकदीने हाणली. हाड वाजलं. मी आणखी एकदा हाणली. त्या दुसऱ्या घावाची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दादा खाली बसून किंचाळायला लागले. काका बरगडी दाबत, धापा टाकत माझ्याकडे आले आणि त्याच सुजल्या कानावर त्यांनी मला थप्पड मारली.

"माह्या पोराले मारतं बे? माह्या घरात राहून?" आणि लगेच, "उभा काऊन राह्यला? रिक्षा आन!"

दवाखान्यात दादांनी डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. काका म्हणाले, हाव, मीच धुतला होता जिना.

घरी येऊन मी पिशवी भरली. काका दारात आले.

"कुठी चालला? त्याचे नकाशे आता काय मी काढू?"

मग मी दादांच्या खुर्चीत बसलो. उजवा हात प्लास्टरात घेऊन ते शेजारी बसायचे, भिंत कुठे, मोरी कुठे ते सांगायचे, मी रेघा ओढायचो. माफी कोणी कोणाची मागितली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचं मशीन आपणहून मागे फिरलं. जुनी सिस्टीम परत आली, फोटो सगळे जागच्या जागी. दादा एक फोटो बघून म्हणाले, "बंद कर." दसरा होऊन गेला होता. नांदुऱ्याला ते गेले नाहीत. वहिनींचाच मला फोन आला: "भाऊ, फोटो पेनड्राइव्हवर टाकून पाठवून देता का? बाकी तिथलं काही नको."

प्लास्टर निघालं तेव्हा दादांची बोटं वळेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, रोज सराव करा म्हणाले. आता सकाळी काका तेल कोमट करून आणतात, लेकाचा हात मांडीवर घेतात आणि एक-एक बोट तळव्याकडे दाबतात. "वळव बापू. आनखीन थोडी वळव मूठ." मी समोर नकाशा काढत असतो, पण नजर त्या हातावर असते. काल तीन बोटं तळव्याला टेकली होती. आज करंगळी सोडून सगळी टेकली.

काका खुशीत माझ्याकडे वळले. "पाह्यलं का बे?"

मी म्हणालो, "पाहिलं."