खाली यायचं बटन

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये लाडवांचा एक रिकामा डबा आहे. ज्याच्या हातून पार्ट जळेल त्याने तो आपल्या नावाच्या चिठ्ठीसकट डब्यात टाकायचा, असा नियम. नियम माझा, आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्याही माझ्याच! किस्से असेच साठत जातात. पण निम्मा डबा एकट्या अण्णांच्या सीटने भरला.

अण्णा नेवाशाकडचे शेतकरी. विहिरीत पडले आणि पायातलं बळ गेलं. मागणी एकच: "ट्रॅक्टरवर माझं मला चढता-उतरता यावं. कुनी उचलायला नको." ट्रॅक्टरच्या बाजूला वर-खाली सरकणारी सीट बसवायची होती. मोटार सुलट फिरली की दांडा लांबतो, सीट वर जाते; उलट फिरली की खाली येते. मोटार तयार मिळते, दोन्हीकडे फिरवणारं चार स्विचचं सर्किट मी करायचं होतं: दोन सुलट फिरवायला, दोन उलट. पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवायचो, म्हणून आठ दिवसांत देतो म्हणालो.

*

पहिला बोर्ड. मी 'वर' दाबलं, मोटार फिरली. लगेच 'खाली' दाबलं. फट्! सुलटे स्विच बंद व्हायच्या आतच उलटे चालू झाले आणि बॅटरी शॉर्ट झाली.

आमचे वायरमन पोपटराव मूळचे जामखेडचे. धुराकडे बघत म्हणाले, "सर, बैलाला बी वळताना दम द्यावा लागतो. तुमी मोटारीला दिलाच न्हाई."

तो दम, म्हणजे एक जोडी बंद झाल्यावर दुसरी चालू होण्याआधीची क्षणभराची उसंत, मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवला होता. गुपचूप चिठ्ठी लिहिली.

*

मग अण्णांच्या वजनाचं पेंडीचं पोतं ठेवून आठवडाभर चाचणी घेतली. सगळं व्यवस्थित. फक्त सीट टोकापर्यंत कधी नेली नाही, कारण वरून पोतं पडलं की सांडलेली पेंड भरत बसावी लागायची.

अण्णा शेडवर आले, बसले, वर गेले. टोकाला मोटार आपोआप थांबली, ठरल्याप्रमाणे. त्यांनी 'खाली' दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. टोकाच्या स्विचने फक्त वरची वाट अडवायची होती. मी त्याला दोन्ही वाटा अडवायला लावल्या होत्या!

शेजारच्या शेडमधले लोक बघायला जमले. शेवटी पोपटरावांनी अण्णांना लहान मुलासारखं उचलून उतरवलं.

"उचलायला घरी मानसं हुतीच की, सर," एवढंच अण्णा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. तो स्विच जळला नव्हता, तरी डब्यात टाकला.

*

टोकाच्या स्विचची जोडणी सुधारली. पुढची चाचणी अण्णांच्या अंगणात, सीट ट्रॅक्टरला जोडून. पोतं वर नेलं, बटन सोडलं. पोपटरावांनी सेल्फ मारला आणि सीट आपली आपण खाली यायला लागली. स्टार्टरने बॅटरी ओढली, व्होल्टेज पडलं, चारही स्विच चालवणारा माझा कंट्रोलर भांबावला आणि त्याने नको तो स्विच चालू केला. पोतं कलंडून चाकापाशी फुटलं.

अण्णांची बायको, काकू, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "यांना न्हाई बसू द्यायची मी," त्या म्हणाल्या.

चाकाच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, "पोत्याला धरायला हात न्हाईत. मला हाईत."

*

कंट्रोलर भांबावला तरी चारही स्विच बंदच राहतील अशी सोय केली. पन्नास वेळा सेल्फ मारून बघितला. तरी त्या सकाळी मी एकावन्नाव्यांदा मारून बघितला. काकू दारातच थांबल्या, पुढे आल्या नाहीत.

अण्णांनी 'वर' दाबलं. सीट टोकाला गेली, थांबली. हातांवर जोर देऊन ते ट्रॅक्टरच्या सीटवर सरकले. क्लच-ब्रेकचे हाताने ओढायचे दांडे पोपटरावांनी आधीच बसवले होते. अण्णांनी सेल्फ मारला. शेजारची रिकामी सीट जागची हलली नाही.

"आता परत सीटवर या आणि 'खाली' दाबा, अण्णा," मी म्हणालो. माझा सगळा जीव त्या एका बटनात अडकला होता.

अण्णांनी बटनाकडे बघितलं, मग शेताकडे, आणि गिअर टाकला.

"अहो अण्णा, खाली यायचं तपासायचं राहिलंय!"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि ट्रॅक्टर बांधाकडे निघाला.

आम्ही तिघं अंगणात उभे. तास झाला, दोन झाले. ते नुसतेच फेऱ्या मारत होते, मागे नांगरसुद्धा नव्हता. काकूंनी ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं.

"सर, हाक मारू का?" पोपटरावांनी विचारलं.

काकूच म्हणाल्या, "नगा मारू."